चौदा ग्रॅम

ता. ४ मे

ती. ताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडणार हे मला ठाऊक आहे. पण फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि कुणीच ऐकत नाही, म्हणून लिहितो. बाबा सुखरूप पोचले. दातांच्या डॉक्टरने कवळीचं माप घेतलं. परवा अर्धा तास दुकानात बसले आणि माझ्या तीन चुका काढल्या, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

आता मुद्द्याचं. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या बाईंनी तुझी या वर्षीची पांढरी वाइन परत पाठवली. उघडलेली एक बाटली सोडून सगळी. म्हणाल्या, लेबलवर ड्राय लिहिलंय आणि आत सरबत भरलंय. मी हसण्यावारी नेलं. पण आठवड्याभरात आणखी चौघांनी तेच सांगितलं. त्यातले एक दुकानाच्या वर राहणारे शिंपीकाका. त्यांना मधुमेह आहे, आणि लेबलवरच्या ड्राय या एका शब्दाच्या भरवशावर ते रोज एक पेला घेतात. मग मीही पिऊन पाहिली. ताई, गोड आहे गं. रागावू नकोस, तिकडे एक बाटली उघडून बघ.

बाकी आम्ही मजेत. माया पातळ करू नकोस, शिव्या हव्या तेवढ्या दे.

तुझा,
बारक्या


ता. ९ मे

चि. बारक्यास,
अनेक उ. आ., आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र वाचून अंगाची लाही लाही झाली. सरबत? तू वाइन विकतोस की बटाटे? दुकान टाकून सात वर्षं झाली तुला, आणि अजून वास कोणता आणि चव कोणती हे कळत नाही!

नीट वाच, हवं तर गल्ल्यामागे चिकटव. द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती खातं आणि तिची दारू करतं. सगळी खाल्ली की वाइन कोरडी, म्हणजे तुझी ड्राय. लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत उरली तरी जिभेला फारसा पत्ता लागत नाही. त्याच्या वर, बारापर्यंत, अर्धी कोरडी. तिथून पुढे गोडसर, आणि पंचेचाळीसच्या वर गेली की सरळ गोड. हे मोजून कळतं, हुंगून नाही. यंदा द्राक्षं छान पिकली, म्हणून वाइनला मधाचा वास आहे. मधाचा वास आला की लोकांना घोट घ्यायच्या आधीच गोड लागायला लागतं. नाक चिमटीत धर आणि पी. वासाबरोबर गोडी गेली, तर ती गोडी नव्हतीच. आणि कृपा करून गार करून पी. कोमट पेल्यात साखर जास्त जाणवते, एवढं तरी तुला माहीत असावं ही अपेक्षा.

माझ्या वहीत दोन ग्रॅम आहेत. दोन! तीनदा मोजले, सही केली आणि तळघराची किल्ली बाबांच्या हातात दिली. पुढे गाळणं आणि बाटल्या भरणं हे त्यांचं काम. शेवटच्या मोजणीनंतर बनवणाऱ्याने तळघरात पाऊल टाकायचं नाही हा आपल्या घरचा नियम. हात शिवशिवतात आणि माणूस चांगली झालेली वाइन नासवून बसतो, म्हणून. अकरा वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही. त्यामुळे बाटली वगैरे मी उघडणार नाही. दरवर्षीची एक बाटली मी घरच्या कपाटात मुरायला ठेवते, यंदाची तुझ्या हॉटेलवालीसाठी हलवणार नाही.

लेबलवर माझं नाव आहे, बारक्या. ते छापायला बाबांनी पाच वर्षं लावली. दोन हजार लिटर वाइन माझ्या नावावर खोटी ठरली, तर उद्या माझ्या वहीवर कोण विश्वास ठेवेल? सोबत दोन बाटल्या पाठवते. शेवटच्या मोजणीच्या दिवशी टाकीतून नमुना म्हणून काढून ठेवलेल्या आहेत. दोन्हीकडची मोजून घे आणि मग माझी माफी माग.

वहिनीला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ सध्या आवरता घेतला आहे.

तुझी,
ताई


ता. १८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. मी, ही आणि शिंपीकाका, तिघं नाकं चिमटीत धरून टेबलाशी बसलो. वाइन बर्फात ठेवून गार केली होती. तुझा नमुना खणखणीत कोरडा. विक्रीची बाटली नाक दाबूनही गोड. मग दोन्ही तपासायला दिल्या. काल कागद आला. नमुन्यात दोन ग्रॅम, बाटलीत चौदा. तुझी वही खरी आहे आणि हॉटेलवाल्या बाईही खऱ्या आहेत.

आता पुढचं बसून वाच. तो कागद वाचून आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत असताना बाबा नवी कवळी घालून आले आणि त्यांनी पेला मागितला. हिने विक्रीच्या बाटलीतली ओतली. बाबांनी घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, यंदा अगदी हवी तशी कोरडी उतरलीय. शिंपीकाका खुर्चीतून पडायचे राहिले. मी विचारलं, बाबा, गाळताना काही झालं होतं का? मिशी पुसत म्हणाले, व्हायचंय काय, तीन कॅन रस घातला. आमटीत मीठ घातल्यासारखं सांगितलं! आटवलेला रस गं, मागच्या शेडमध्ये दर हंगामात ते उकळत बसतात तो. दहा लिटरचा एक कॅन दरवर्षी टाकीत जातो म्हणे, गाळायच्या आधी. पहिल्या वर्षापासून. यंदा एकाने चव जमेना म्हणून आणखी दोन.

ताई, मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडलो. शिंपीकाकांच्या समोर. त्यांना काही झालं असतं तर, असं विचारलं. बाबा उठले आणि खोलीत जाऊन बसले. तुझी माफी मागतो, मनापासून. पुढे काय करायचं ते तू सांग.

लोभ कधीतरी परत सुरू कर.

तुझा,
बारक्या


ता. २३ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. राहू दे, आज विनंती काही नाही.

काल सकाळी मी कपाटातल्या अकरा वर्षांच्या अकरा बाटल्या काढल्या, एकेक उघडली आणि मोजली. माझ्या वहीत दोन, अडीच, दोन, दोन. बाटल्यांत सहा, साडेसहा, सहा, सहा. आणि यंदा चौदा. गाळणी चांगली होती म्हणून निभावलं, नाहीतर उरलंसुरलं यीस्ट तुमच्या रसावर तुटून पडलं असतं आणि बाटल्या लोकांच्या घरात फुटल्या असत्या.

बाबा, तुम्ही हे केलंत कसं? मला मेलीला दरवर्षी वाटायचं की टाकीतल्यापेक्षा बाटलीतली जरा गोल लागते. त्यावर मी शास्त्र रचलं! बाटलीत मुरली की वाइनला गोलाई येते, असं प्रशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं, लोकांनी वहीत उतरवून घेतलं. गोलाई कसली डोंबलाची, तुमचा कॅन होता तो! बैठकीच्या भिंतीवरची माझी दोन प्रशस्तिपत्रकं मी उतरवून ठेवली आहेत. ती तुमची की माझी, हे मला सांगता येत नाही.

नियम मला आणि मोकळीक तुम्हाला! मी शहाण्यासारखी किल्ली देऊन बाहेर उभी राहायची आणि आत तुम्ही माझ्या वहीवर पाणी ओतायचं. यंदा तीन कॅन का लागले, हे तुम्हाला कळलंय का? वय झालं की जिभेला गोडी कमी लागते. सगळ्यांचं होतं, त्यात लाज नाही. लाज वाटायची तर बाकीच्या दहा वर्षांची वाटू द्या.

मला एकच उत्तर हवं आहे. कॅन ओतायच्या आधी तुम्ही दरवर्षी माझी वाइन चाखली असेल. काय कमी होतं तिच्यात? आंबट होती, बोचत होती, पातळ होती? वर्षवार लिहा. तुमच्याएवढी जीभ या धंद्यात मी कुणाची पाहिली नाही. चूक माझी असेल तर मान खाली घालून शिकीन.

लोभाचं तुमचं उत्तर आल्यावर बघते.

थोरली


ता. ३० मे

चि. थोरलीस,
अनेक आ. नको असतील तर बाजूला ठेव.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बापाला असं लिहितात का? असो. इथे बारक्या माझ्याशी तुटक बोलतो. सूनबाई तेवढी वेळेवर विचारपूस करते.

तू शिकून आलीस आणि पहिल्याच वर्षी वहीत दोन ग्रॅम लिहिलेस. मी जन्मभर सहाची केली. लोकांच्या तोंडात तीच चव बसलेली. तुझी त्यांनी नाकारली असती तर तू पुन्हा उभी राहिली नसतीस, असं मला वाटलं. म्हणून एक कॅन घातला. लोकांनी नावाजली, तुझा चेहरा फुलला. मग दुसऱ्या वर्षी न घालता सोडायची कशी? तिसऱ्या वर्षी तर सांगायचीही सोय उरली नाही. तुझं वाईट व्हावं म्हणून केलं नाही, एवढं तरी मान.

वर्षवार लिही म्हणतेस. लिहिण्यासारखं काही नाही. टाकीतली तुझी वाइन मी कधी चाखली नाही. आधी कॅन ओतायचो, ढवळायचो आणि मग पेला भरायचो. आंबटच असणार असं धरून चाललो. पहिल्या वर्षी धीर झाला नाही, पुढे सवय पडली.

परवा बारक्याने तुझ्या नमुन्याची उरलेली बाटली माझ्यापुढे ठेवली. पेलाभर प्यालो. फार छान आहे. काही घालायची गरज नव्हती.

कवळी नीट बसली. शनिवारी घरी येतो. किल्ली माझ्या पिशवीत आहे, काळजी नसावी. माझा लोभ होता तसाच आहे.

तुझा,
बाबा


ता. ४ जून

ती. बाबांस,
नमस्कार.

किल्ली पिशवीतच राहू द्या. कुलूप बदललं आहे.

यंदाच्या बाटल्या पाण्यात घालून लेबलं सोडवते आहे. नवी लेबलं छापून आली. गोडसर, लिटरमागे चौदा ग्रॅम, आणि खाली तुमचं नाव. ती तुमची वाइन आहे, तुमच्याच नावाने जाऊ दे. बारक्या शिंपीकाकांना डॉक्टरकडे घेऊन गेला, त्यांचं सगळं ठीक आहे. हॉटेलवाल्या बाईंची मी स्वतः माफी मागितली.

बाबा, तुमचं पत्र यायच्या आधी मी तयारी करून बसले होते. तुम्ही लिहाल, चौथ्या वर्षी आंबट होती, नवव्या वर्षी कच्ची होती. मी भांडले असते, चार दिवस रडले असते, पण ते मला पचलं असतं. तुम्ही तर चाखलीच नाहीत! दरवर्षी टाकीपाशी उभी राहून मी एकच विचार करायची, बाबांना कशी लागेल. गिऱ्हाइकांना नाही, परीक्षकांना नाही. तुम्हाला. अकरा वर्षं मी ज्या एका माणसासाठी वाइन केली, त्याने ती तोंडाला लावली नाही.

आता लिहिता, फार छान आहे. ज्या जिभेला चौदा ग्रॅम कोरडे लागतात, तिने छान म्हटलेलं मी कुठे ठेवू? त्या पहिल्या वर्षी त्या जिभेने वाईट म्हटलं असतं तरी मी ते जन्मभर सांभाळलं असतं. एक घोट घ्यायचा होता, बाबा. आता तुम्ही हवे तेवढे पेले प्या, तो घोट तुम्हाला घेता येणार नाही आणि मलाही देता येणार नाही.

शनिवारी या. स्टेशनवर घ्यायला येईन. लोभ मागायला आज हात वळत नाही.

थोरली