तुमच्या कबरीतली दुसरी जागा

बाबा, तुमची कबर यंदा मी उघडली. आईसाठी नव्हे. आई आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत आहे, आणि आत्ता बाहेरच्या खोलीत पंखा लावून पडली आहे. वार्षिक सभेसाठी आपल्या चर्चच्या मंडळीचा अहवाल लिहायला बसलो होतो. तुम्ही तो एका बैठकीत लिहायचात आणि वर आईला वाचून दाखवायचात. मला दोन रविवार झाले तरी सुरुवात जमत नाही. जे लिहायला हवं ते अहवालात बसत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

यंदा एक बाप्तिस्मा झाला, लग्न एकही नाही, आणि मातीला मी इतक्यांदा गेलो की कबरस्तानचा रखवालदार मला फाटकात बघूनच फावडी काढायला लागतो. बाप्तिस्मा अमेरिकेहून सुट्टीत आणलेल्या नातवाचा होता. आजी म्हणाली, पाणी जरा कोमट करा पाळकसाहेब, बाळाला सर्दी होईल. मी केलं. तुम्ही चष्म्यावरून नुसतं बघितलं असतंत आणि आजीबाई गप्प बसल्या असत्या. मराठी उपासना आता सकाळी सातला असते, कारण नऊला तेलुगू मंडळी येते आणि ती आपल्या दसपट आहे. मी आशीर्वादाला हात वर करतो तेव्हा बाहेर त्यांच्या पोरांचं ड्रम लावून बघणं चालू झालेलं असतं. पोरं वाईट नाहीत, त्यांच्या पाळकानं येऊन माफीही मागितली. आपली मुलं गीतं फोनवर इंग्रजी अक्षरांत वाचतात, आणि ‘ळ’ आला की सगळा बाक अडखळतो. पुढच्या दोन बाकांवर म्हातारी माणसं असतात, त्यामागे बरीच रिकामी जागा, आणि शेवटच्या बाकावर गेल्या पावसाळ्यापर्यंत चष्मेवाले काका असायचे.

जामबागेतल्या त्यांच्या दुकानात आपल्या मंडळीतल्या प्रत्येकाचा चष्मा झाला, तुमचासुद्धा. तुमच्या नाकाचं हाड वाकडं म्हणून दांडी एका बाजूनं जास्त वाकवावी लागते, हे ते सगळ्यांना सांगायचे आणि तुम्हाला ते आवडायचं नाही. पण तुमचं भांडण त्यावरून नव्हतं. त्यांच्या मुलीनं तेलुगू हिंदू मुलाशी लग्न ठरवलं, मुलाकडच्यांनी मांडव घातला, आणि काकांनी बापाच्या जागी बसून कन्यादान केलं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. काका नेहमीसारखे पुढे येऊन वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसले. मी तेव्हा कॉलेजात होतो, तिसऱ्या बाकावरून सगळं स्वच्छ दिसत होतं. तुम्ही भाकर देत देत त्यांच्यापर्यंत आलात आणि त्यांना ओलांडून पुढे गेलात. मग प्याला घेऊन आलात आणि पुन्हा ओलांडलंत. पंचांचा ठराव नव्हता, कुणाशी बोलणं झालं नव्हतं. काकांचे हात पुढे केलेले तसेच राहिले. ते उठलेही नाहीत, बाकीचे उठले तेव्हा त्यांच्याबरोबर उठले.

त्या दुपारी जेवताना मी तुम्हाला विचारलं, हे बरोबर होतं का. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "प्रभूच्या त्या मेजापाशी स्वतः उभा राहशील ना, तेव्हा बोल," म्हणालात, आणि आईला म्हणालात, याला वरण वाढ. मला तो अपमान कित्येक वर्षं पुरला. आता मीच उभा राहतो त्या मेजापाशी, बाबा, आणि अजूनही मला ते बरोबर वाटत नाही.

काकांनी मंडळी सोडली नाही. दुसरा कुणी असता तर दुसरं चर्च गाठलं असतं, हैदराबादेत चर्चना काय तोटा आहे. ते दर रविवारी यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, तारस्वरात गायचे आणि प्रभुभोजनाची वेळ आली की टोपी उचलून निघून जायचे. तुम्ही होतात तोवर असंच, तुमच्यानंतर मी आलो तरी असंच. तुम्ही गेलात तेव्हा मातीलाही आले होते. मी दर नाताळाच्या आधी त्यांच्या दुकानात जाऊन म्हणायचो, काका, या वेळी पुढे या. ते माझा चष्मा काढून घ्यायचे, पुसून परत द्यायचे आणि दुसरं काहीतरी बोलायचे.

पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. विद्यानगरला मुलीकडेच असायचे. मी आजाऱ्यांना प्रभुभोजन द्यायची तुमची ती छोटी पेटी घेऊन गेलो. जावयानं खुर्ची दिली, देवघराचा पडदा आपण होऊन ओढून घेतला, मला उगाच लाजल्यासारखं झालं. काकांचा आवाज उतरला होता पण डोकं जागेवर होतं. मला पेटी उघडताना बघितलं आणि म्हणाले, "ते ठेव आत."

"काका, आता कशाला ते जुनं?"

"तुझ्या हातचं नको रे. तू चांगला आहेस. पण ज्यानं ताट उचललं त्यानंच वाढायला पाहिजे."

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली, काका."

"मला काय सांगतोस? मी होतो की मातीला." मग बराच वेळ ते खोकले. "राहू दे. तिकडं बघून घेतो आम्ही दोघं."

मी पेटी बंद केली आणि घरी आलो. पाळकपण करायला लागल्यापासून इतका निरुपयोगी मी कधी झालो नव्हतो. आणि तुमचा इतका राग मला तुम्ही जिवंत असतानाही आला नव्हता. तुम्ही एक गाठ मारून ठेवलीत आणि निघून गेलात, आणि ती सोडवायचा हक्कसुद्धा कुणाला ठेवला नाहीत.

ते चौथ्या दिवशी गेले. जुन्या कबरस्तानात आता नवी जागा मिळत नाही. कमिटीचा नियम आहे, ज्याच्या घरची कबर आहे त्याच्यासाठी तीच उघडायची, बाकीच्यांनी शहराबाहेर, रिंग रोडच्या पलीकडे नव्या जागेत जायचं. काकांची बायको जालन्याला पुरलेली, इथं घरचं कुणी नाही. काकांची मुलगी आणि मी एकाच संडे स्कूलचे. ती दारात उभी राहून म्हणाली, "दादा, नव्या ग्राउंडात नक्को. तिकडं कोण जातंय परेशान होऊन? मी दर आठवड्याला येईन म्हणते, मला येता आलं पाहिजे ना. आन् बाबा तिथं एकटे, सगळे नवे लोक." तिचा नवरा मागून तेलुगूत म्हणत होता की पाळकांना अडचणीत टाकू नको. ती ऐकत नव्हती. "तुम्ही काय तरी करा. तुम्हीच करू शकता," ती म्हणाली.

तुमची कबर दोघांना पुरेल इतकी खोल आहे, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही गेलात तेव्हा आईनंच उभं राहून खोल खणून घेतली होती, वर तिची जागा ठेवून. दगडावर तुमच्या नावाखाली तिच्या नावापुरतं कोरं सोडलं आहे. दर ईस्टरला चुना लावायला गेलो की ती म्हणायची, "जन्मभर ह्यांनी वर उभं राहून मला खालून ऐकायला लावलं, आता मी वर." मंडळीतल्या बायका हसायच्या. तीही हसायची, पण जाताना त्या कोऱ्या भागावरून हात फिरवून जायची. मला हे सगळं माहीत होतं. काकांच्या मुलीच्या दारात उभा असताना मला ते आठवलंही.

तरी मी तिथूनच रखवालदाराला फोन केला की माझ्या वडिलांची कबर उघडा. दुपारी गेलो तर तो दारातच होता. "रिश्ता क्या बोलूँ, पास्टर साब? बाद में कमेटीवाले मेरेकु पकड़ते." मी म्हणालो, भाई थे. बाबूजी के भाई. आता प्रवचनात मी सगळ्यांनाच बंधू म्हणतो आणि तुम्हीही म्हणत होतात, पण तो काय विचारत होता हे मला कळत होतं. त्यानं मान हलवली आणि माणसं लावली. पाऊस थांबला होता, माती जड होती. खणणारा गडी छातीइतका आत गेला, फावडं थांबवून हातानं माती चाचपली, आणि वर बघून म्हणाला, "बस साब, इससे नीचे नक्को. नीचे बड़े पास्टर साब हैं." मी वाकून बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. ओली काळी माती होती, तिच्यात लाकडाचा भुसा.

काकांची शवपेटी तुमच्यावर उतरवली तेव्हा जावई आणि त्याचे दोन भाऊ दोर धरायला पुढे झाले. आपल्या मंडळीतले दोर धरण्याच्या वयाचे कुणी नव्हतेच. मी जे म्हणायचं ते म्हटलं, आवाज कापला नाही. सगळे मूठमूठ माती टाकत होते तेव्हा मी मनात तुम्हाला म्हणत होतो, आता द्या. आता कुठं ओलांडून जाल? मला दुःख होत नव्हतं, समाधान वाटत होतं, आणि माणसाला पुरताना पाळकाला असं समाधान वाटू नये.

आई गुडघ्यांमुळे आली नव्हती. घरी गेल्यावर तिनं विचारलं, कुठं जागा मिळाली? मी म्हणालो, जुन्याच ठिकाणी, झाली सोय. ती म्हणाली, बरं झालं, भला माणूस होता. तेवढ्यावर मी कितीतरी महिने काढले. उपवासकाळ सुरू झाला, ईस्टर जवळ आला, चुन्याची गोष्ट निघाली, आणि मग पर्याय उरला नाही. ती स्वयंपाकघरात खाली पाट घेऊन अंबाडी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. कुणाच्या तरी घरी मरणाची बातमी सांगायला जातो तेव्हा जसं सरळ सांगतो तसंच सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. देठ वेगळे, पानं वेगळी. जुडी संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मला तिकडं रिंग रोडवर."

"आई, मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही."

"त्या दिवशी कठड्याशी मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांना सोडून प्याला माझ्यापुढं आला. मी प्यायले." ती हे मला पहिल्यांदाच सांगत होती. "तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. मीच म्हटलं असतं, ठेव त्यांना तिथं."

मी एक काडी उचलून तिची पानं खुडायला घेतली.

"विचारायचं होतंस," ती म्हणाली. "बापावर गेलास. वाढायचं असो, काढून घ्यायचं असो, तुम्हाला कुणाला विचारायचं नसतं."

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. त्या रात्री तिनं त्याच अंबाडीची भाजी केली, मला दोनदा वाढली. ईस्टरला ती कबरस्तानात आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली. पण नंतर एका शनिवारी म्हणाली, मला ती नवी जागा दाखव. टॅक्सीनं गेलो. लांब आहे, बाबा. मोकळं माळरान, मुरूम, सरळ रांगा, दगडांवर नावाआधी नंबर. एक झाड नाही. ती काठी टेकत कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेली, तिथं जरा सावली होती, आणि म्हणाली, "इथं चालेल मला." तिथं जागा निवडता येत नाही, माणसं येतात त्या क्रमानं रांग भरते. मी म्हणालो, बरं. परतताना तिनं खिडकीची काच खाली केली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

काकांची मुलगी दर आठवड्याला तुमच्याकडे येते. फुलं दोघांसाठी आणते, रखवालदार सांगतो. दगडावर नाव कधी घालायचं म्हणून तिनं दोनदा विचारलं, मी टाळलं. अहवालात मी लिहीन की यंदा इतके बंधुभगिनी प्रभूच्या ठायी निजले, आणि सभा ते वाचून पुढच्या विषयावर जाईल. हे पत्र कुठं टाकायचं नाही. बायबलातही ठेवणार नाही, तिथं आई बघते.

तिला वाटतं मी घाईत होतो, माझ्या डोक्यात आलं नाही. मी तसंच वाटू दिलं आहे. खरं असं की काकांच्या मुलीच्या दारातून मी रखवालदाराला फोन केला, त्याआधी आईचा नंबर काढला होता. ती हो म्हणेल हे मला ठाऊक होतं. ती हो म्हणाली असती, तर ती जागा तिनं दिली असं झालं असतं, आणि ती मला स्वतः द्यायची होती, तुम्हाला दाखवून. म्हणून मी तो नंबर लावला नाही.