मालुबाईंची ओळ

३ मार्च
पुणं एकदाचं सुटलं. टिळकवाडीत नोकरी, खिडकीशी टेबल, टेबलावर भरपूर ऊन. आईने खानापूरहून फोन करून जेवलीस का विचारलं, आता रोज करणार म्हणाली. काम सोपं आहे. वडगावच्या विणकरांच्या संस्थेची वेबसाइट जुन्या फ्रेमवर्कवरून नव्यावर न्यायची. जुन्यात माणसाने निवडलेली भाषा, मराठी किंवा कन्नड, सर्व्हरवर साठायची. नव्यात ती ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये राहते. पंधरा दिवसांत उरकेन.

१० मार्च
उरकतंय कुठलं. सर्व्हरवर साठलेली भाषा वाचणारी एक ओळ कोडात आहे, तिच्यापायी माझी प्रत्येक चाचणी फसते. शेजारी टीप: 'मालुबाईंसाठी. काढू नये.' एका बाईसाठी अख्खं काम अडलंय. आमचे वरिष्ठ हरिभाऊ म्हणाले, ऱ्हाऊ दे की, कुणाला बोचतीया. मला बोचते.

१२ मार्च
नोंदी पाहिल्या. मालुबाई वडगावच्या. साड्यांचे नमुने बघायला रोज सकाळी अकराला साइट उघडतात, एक दिवस चुकलेला नाही. मी ओळ काढली, त्यांची जुनी नोंदही पुसली. त्यांना भाषा पुन्हा निवडावी लागेल, एवढंच.

१३ मार्च
अकरा वाजता माझ्याच स्क्रीनवर 'नमस्कार, मालुबाई'. लॉगिन मी रचना म्हणून केलं होतं. कुकी पुसली, ब्राउझर बदलला. तेच. लई वैताग— फार वैताग आला.

१४ मार्च
त्यांच्या मुलीला, बेबीताईला फोन केला. आईंना भाषा पुन्हा निवडायला सांगा म्हटलं. ती म्हणाली, आई जाऊन तीन वर्सं झाली. मोबाइल तिचा लई लाडका, माती देताना उशाला ठेवला.

१५ मार्च
ओळ परत घातली. हरिभाऊ रागावले नाहीत. म्हणाले, आता उपेग न्हाय, तिची जागा पुसलीस, ती दुसरी हुडकणार. मला भीती वाटत्या— वाटते. मी अशी बोलत न्हाय. नाही. नाही.

१७ मार्च
आईचा फोन. मी बोलले. तिने विचारलं, कोण आपण, रचनाला द्या जरा. मीच रचना हाय म्हटलं. तिने ठेवला—

१८ मार्च
माझं नाव रच—

अकरा वाजलं. किती दिसांनी ऊन बघितलं.
माझ्या जुन्या नंबरावरनं फोन येतोय. पल्याड कुणाची पोरगी हाय, आईला हाका मारतीया. म्हणती, हितं लई अंध—