इस्तंबूलच्या बाकावर ठेवलेली पिशवी

ती. मालनअक्कास,
धाकट्या धोंडिरामचा कॅनडातून सविनय जयभीम.

आम्ही इकडे मजेत. दीप्ती आणि बाळ झकास. नात रडते ती थेट तुझ्या आवाजात, म्हणजे दोन मजले खाली ऐकू जातं. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की नुसतीच बाटलीकडे बघत बसतेस? कमलचा तुला फोन नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस, त्याचं कारण पुढे येईल. मीच केला असता, पण इथे फोन स्पीकरवर टाकायची पद्धत आणि बायको कायम शेजारी. म्हणून पत्र. जावयांचा मित्र सौरभ मुलुंडला घरी निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तर प्रवासाचं. निघताना तू डिंकाच्या लाडवांची पिशवी माझ्याकडे दिलीस आणि बजावलंस, की बाळंतिणीच्या हातात पडेपर्यंत सोडायची नाही. नाही सोडली. विमानात मांडीवर घेऊन बसलो (वर ठेवा म्हणून सांगायला बाई आली, तेव्हा झोपेचं सोंग घेतलं). पण मध्ये इस्तंबूलला दुसऱ्या विमानाला अख्खा दिवस होता. जावई म्हणाले होते, विमानतळावरून हलू नका. आता अक्का, जन्मभर वाकोल्यात पाण्याच्या लाइनी दुरुस्त केलेला माणूस, समोर परदेश आल्यावर खुर्चीत बसून राहील काय? व्हिसा गुपचूप काढलाच होता. गेलो.

समुद्राकाठी सावलीत एक बाक मिळाला. समोर बोटी, वारा, काय सांगू, जिवाला इतकं बरं वाटलं की वाटलं, बाळंतपणासाठी आधीच कॅनडाला गेलेली कमल इथे हवी होती. पलीकडे एकजण कणसं भाजत होता. आणायला उठावं तर जागा जाणार. मग रुमाल टाकला. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल पडला की कुणाची टाप आहे बसायची? इथल्या लोकांना रुमालाची किंमत नाही, एक जोडपं सरळ त्यावरच बसलं. ते उठल्यावर मी शहाणपणा केला आणि पिशवीच ठेवली.

कणीस खात परत येतो, तो ही गर्दी! दोरी बांधलेली, पोलीस, शिट्ट्या. गर्दी दिसली की आपले पाय वळतातच. कोपरं मारत पुढे घुसलो, टाचा उंचावल्या, शेजारच्या म्हाताऱ्याला मराठीतच सुनावलं, की हल्ली लोक फार बेजबाबदार, कुठेही काहीही टाकून जातात (तोही मान हलवत होता). मग बाकावर पिशवी दिसली. पिवळी. भांडुप स्टेशनसमोरच्या साडीवाल्याची. म्हटलं, वाट लागली.

'माय लाडू, माय लाडू' करत दोरीखालून गेलो, तर दोघांनी धरलं. पिशवी उघडायला लावली. आत चांदीच्या कागदात गुंडाळलेले गोळे, तेही तुझ्या पाकाचे (रागावू नकोस). साहेबांनी एक बाकावर आपटून पाहिला. आवाज असा आला की शिपाई दोन पावलं मागे सरले. शेवटी मीच एक तोंडात घातला. वरची कवळी हलली, पण जीव वाचला. मग साहेबांनी खाल्ला, मग शिपायांनी, मग त्या म्हाताऱ्यानेही दोन. इतकी माया केली लोकांनी, की पोलिसांच्या गाडीतून मला विमानतळावर सोडलं. पिशवीत एकच लाडू उरला.

तो मी कमल अंघोळीला गेल्यावर दीप्तीला दिला. पहिल्याच घासाला म्हणाली, आत्याचा. आणि डोळे पुसले पोरीने. तुझी फार आठवण काढते गं. कुणाला बोलणार नाही म्हणालीय.

बाकी सारं ठीक. गुडघ्याला जप.
तुझा,
धोंडिराम

ता.क. सौरभ महिनाभराने परत येतोय. त्याच्याबरोबर लाडू पुन्हा पाठव. पाक जरा सैल ठेव.

ता.क. आणखी एक. इस्तंबूलचं कमलला कळलं तर ती मला परतीच्या विमानात एकटा बसू देणार नाही, आणि मला तो समुद्र एकदा परत बघायचाय. तुला खोटं बोलायला जमत नाही हे मला माहीत आहे. म्हणून तू लाडू करायचेच विसरलीस, हे तुझ्या वतीने मी आल्याआल्याच तिला सांगून टाकलंय. तेव्हापासून ती तुझ्यावर रुसलीय. फोन आला की तू नुसतं 'हो गं बाई' म्हण.