डोंगरावरच्या झुडपाची पाने कोरडी ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वनस्पतिशास्त्राची निवृत्त अध्यापिका, अंथरुणाला खिळले असले तरी डोक्याने ठणठणीत आहे. समोर बसलेल्या डॉक्टरांनी तशी खात्री करून घेतली आहे. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवड नव्हती.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझी मुलगी भिंगरी हिला. ती दत्तक असली तरी कायद्याने आणि मनाने माझी एकमेव वारस आहे. माझ्या भावाने यात नाक खुपसू नये.

२. भिंगाचा दिवा भावाला. निदान कागद वाचून सही करायची सवय लागेल.

३. पाने कुटायचा चिनीमातीचा खल, बत्त्यासकट, आमच्या विभागप्रमुखांना. एकदा न विचारता नेऊन त्यांनी त्यात डब्यातल्या जेवणासाठी लसूण ठेचला आणि नुसता विसळून ठेवला. पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितलवकांचा स्वतःचा जनुकसंच असतो. बहुतेक फुलझाडांत तो फक्त आईकडून येतो आणि तो वाचून कोण कोणाच्या नात्यातले ते कळते. त्याच खलात पाने कुटून मी डोंगरावरच्या एका झुडपाचा वाचला, तर नाते थेट लसणाशी! सगळा विभाग खो खो हसला. तेव्हापासून मी ‘लसूणबाई’.

नवा खल आणून, नवी पाने घेऊन मी पुन्हा वाचले. या वेळी झुडपाचे हरितलवक निघाले शेजारी वाढणाऱ्या दुसऱ्याच जातीच्या झुडपाचे. फूल, फळ, खोड स्वतःच्या जातीचे. हिरवेपणा मात्र शेजारणीचा. पूर्वी कधीतरी संकर झाला असणार. विभागप्रमुख म्हणाले, “बाई, या खेपेला कांदा निघाला का?” आणि कागद बाजूला सारले. हे मी मरतानाही विसरणार नाही.

४. आता मुख्य गोष्ट. तो डोंगर दगडखाणीने खाल्ला. झुडूप कुठेच उरलेले नाही. त्याची शेवटची पाने माझ्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत, कागदी पाकिटात आहेत. सोबत ओल शोषणारे केशरी दाणे आहेत. ते हिरवे झाले की ओल भरली समजावे. पाकीट बाहेर काढून दाणे ओव्हनमध्ये तापवून पुन्हा केशरी करावेत. परगावच्या प्रयोगशाळेने या पानांचा हरितलवकांबाहेरचा उरलेला जनुकसंच वाचून संकराचा पडताळा करायचे कबूल केले आहे, पण पाळी यायला वेळ आहे आणि तो माझ्याकडे नाही. पाने बुरसली तर मी कायमची लसूणबाई. भावाच्या हातापाया पडले. तो म्हणाला, “ताई, वाळका पाला जपायला मी काय शेळी पाळलीय?”

म्हणून बरणी भिंगरीला. ती माझ्याशी बोलत नाही. एकदा जेवताना मी हेच आईकडून येण्याचे सांगत होते, तेव्हा तिने विचारले, “मग माझ्यात तुझं काय आलं गं?” ती ताटावरून उठली, ती गेलीच.

भिंगरी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी उलट्या बाजूने शोधत बसले. ते झुडूप मी आहे. माझ्यात जे हिरवे होते ते तू आणलेस, त्यावरच मी जगले. पाया पडते तुझ्या, पाने कोरडी ठेव.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. मला तपासणारे डॉक्टर २. शेजारच्या शिंपीणकाकू
ठिकाण: माझी निजायची खोली
दिनांक: ३ मार्च, दुपार

ताजा कलम: सह्या झाल्यावर काकूंनी बरणी आणून दाखवली. दाणे हिरवट दिसू लागले आहेत. मला उठवत नाही. काकूंना म्हटले, ओव्हन लावा. त्या म्हणाल्या, “मला नाही बाई जमत ते. लेकीलाच बोलवा.” रोज त्याच ओव्हनमध्ये त्या माझे जेवण गरम करतात. तेव्हा हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता आजच मुलीच्या हाती द्यावे. भिंगरी, लगेच ये. पाने अजून शाबूत आहेत, मीही आहे.