एसीपुढचं कोहळं

४ मे
पुन्हा तेच. गाडीतला एसी घोटभर गार हवा देतो, खट्‌, बंद. जरा वेळानं सुरू. पुन्हा खट्‌.
जन्मभर सरकारी बस हाकली. आता जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, सगळं बसवलं. बायकोला, शांताला, समुद्र दाखवायचाय, तिनं अजून पाहिला नाही. डॉक्टर म्हणतात, वहिनींना ऊन बाधेल, एसीशिवाय नेऊ नका.
विलास, आमचे चिरंजीव: "बाबा, इकून टाका ते डबडं. हिवाळ्यात रेल्वेनं जा." मागल्या हिवाळ्यात म्हणाला होता, उन्हाळ्यात पाहू.
नाही विकत. जा.

६ मे
आदिलाबादहून एसीवाला आणला. जाळी धुतली, गॅस पाहिला. "सब ठीक है अंकल, मशीन पुरानी है." मीही पुरानाच आहे.
विलासनं गिऱ्हाईक ठरवलंय, रविवारी येणार. मला न विचारता! डोकं फिरलं. किल्ली बंडीच्या खिशात.

७ मे
विलासचा राग आज कोहळ्यावर. नजर लागू नये म्हणून शांतानं एसीपुढंच लाल फडक्यात टांगलंय.
"आई, गाडीले लिंबू-मिरची बांधतेत."
"गाडीले बांधतेत. हे घर हाय माह्यं. घराले कोहळंच."
मला लई बरं वाटलं.

८ मे
सापडलं!!
शांतानं कोहळ्याला उदबत्ती ओवाळली. एसी चालू. धूर कोहळ्यावर आपटून सरळ खाली, एसीच्याच जाळीत. म्हणजे गार हवाही तशीच माघारी. आम्ही घामाघूम, अन्‌ मशीनला वाटतं गारठा पडला.
म्हटलं, काढू कोहळं.
"बांधलेलं कोहळं सोडत नसतेत. तुमची हवा वळवा."
झडपा पलंगाकडे वळवल्या. दुपारभर चालला. नाचायचंच बाकी होतं.

१० मे, रविवार
गिऱ्हाईक यायच्या आत निघालो.
निर्मळ गाव मागे पडलं, ऊन पेटलं, विलासचा फोन. "एसी बंद पडला का वापस या, बाबा."
तेवढ्यात खट्‌.
गाडी कडुलिंबाखाली घेतली, तिथंच लिहितोय. एसी जरा विसावा घेतोय का जुनं दुखणं, कळेना. फोन पुन्हा वाजून राह्यला. मनात धाकधूक होतेय, खोटं कशाला बोलू?
"फिरवू का गाडी?"
शांतानं पदर ओला करून डोक्यावर घेतला.
"काऊन? समुद्र तिकडं हाय का?"