ठोके ऐकू यावेत म्हणून

मोखाडा तालुका,
८ जुलै २०२४

ती. बाबांना वर्षाचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आई निरोप अर्धाच सांगते, म्हणून लिहिते. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा वाटलं होतं, डोंगरातली जागा, शांत असेल. पण पाऊस लागल्यापासून वीज टिकत नाही आणि बाळंतपणाच्या खोलीला लागूनच जनरेटर आहे. भिंतसुद्धा थरथरते. बाईच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायला जावं, तर कानात नुसती घरघर.

डॉक्टर साहेबांना म्हटलं, जनरेटर मागे हलवू या, नाहीतर तपासणीपुरता बंद ठेवू. ते सगळ्यांसमोर म्हणाले, त्यावर लसींचा फ्रिज चालतो, आणि आधीच्या सिस्टरची कधी तक्रार नव्हती. बाबा, भातगिरणीत इतकी वर्षं तुम्ही कशी काढलीत?

आईला सांगा, जेवते वेळेवर. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची वर्षा


जामसर,
१५ जुलै २०२४

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. भाताची आवणी चालू आहे. तुझी आई चिखलाच्या पायांनीच ऐकायला बसली. मला वाटतं मी हळू वाचतो, पण शेजारची माघी म्हणते, तिलाही सगळं कळलं.

गिरणीत आम्ही खुणांनी बोलायचो, कानात कापूस घालायचो. तरी कान गेलेच. पण बाय, माझ्यापुढे भात होता. भात सडायला कान लागत नाहीत. तुझ्यापुढे दोन जीव असतात. साहेबाला पुन्हा सांग. भांडू मात्र नको, नोकरी नवीन आहे.

गोकुळच्या जीपने सुकट पाठवतो. साहेबालाही दे थोडी, बघ नरमतो का. आमची आठवण ठेव.

तुझा बाबा


मोखाडा तालुका,
६ ऑगस्ट २०२४

ती. बाबांना सप्रेम नमस्कार.

सुकट मिळाली. साहेबांनी खाल्ली, नरमले नाहीत.

गेल्या आठवड्यात पाड्यावरची सुकी बाळंतपणाला आली. पहिलीच वेळ. नवरा मंगळू बाहेर पावसात उभा. जनरेटर चालू, मला ठोके लागेनात. साहेबांना सांगायला गेले, तर म्हणाले, नीट कान देऊन ऐक. मी परत येताना जनरेटर बंद केला. ते रागाने आत आले. मी नळीला कान लावून होते, हात वर करून त्यांना गप्प राहायची खूण केली. कसं धाडस झालं, ठाऊक नाही. ठोके मंद होते, मध्येच अडखळत होते. नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ऐकलं आणि स्वतःच रुग्णवाहिका बोलावली. मी सुकीबरोबर जव्हारला गेले. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, बाबा, आणि रडली.

परत आले तर टेबलावर मेमो. विनापरवानगी जनरेटर बंद का केला, खुलासा द्या. दोनदा वाचला. मग लिहिलं, ठोके ऐकू यावेत म्हणून बंद केला, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. साहेबांनी तो खुलासा वाचून फाइलला लावला. काल मात्र दोन माणसं आली आणि जनरेटर मागच्या शेडमध्ये नेला. कोणी सांगितलं, कोणी बोलत नाही.

भांडू नको म्हणाला होतात. रागावू नका.

तुमची वर्षा


जामसर,
१४ ऑगस्ट २०२४

चि. वर्षास पोटभर आशीर्वाद.

तू हात वर केलास तिथे मला पुढे वाचवेना. तुझी आई म्हणाली, घसा बसला असेल. तसंच म्हणू दे तिला. मंगळूचा मामा बाजारात भेटला. चार माणसांत माझा हात धरून म्हणाला, वर्षा सिस्टरचे वडील ना तुम्ही. आजवर तुला तुळशीदासची पोर म्हणत होते.

रागावू कशाला? साहेबाने नळी कानाला लावली, तेवढा मान त्याला दे. त्या मेमोची आणि तुझ्या उत्तराची झेरॉक्स मात्र गोकुळकडे दे. लोक पोरांची प्रमाणपत्रं भिंतीला लावतात. आपल्या घरात मेमो लागेल, दारातून आत येणाऱ्याला समोरच दिसेल असा.

जिवाला जप, लोभ वाढता ठेव.

तुझा बाबा