चार बाजूने, तीन विरोधात, एक तटस्थ

१४ मार्च, गुरुवार

ठराव पडला. टेकडीवरचा दवाखाना बंद होणार.

गावसमितीचे आम्ही आठ सभासद हजर. ‘दवाखाना चालू ठेवावा’ — बाजूने चार हात. विरोधात तीन, त्यांचं म्हणणं, इमारत मोडकळीला आलीय आणि शहरात मोठं इस्पितळ आहेच. मी हात वर केला नाही. तटस्थ. अक्का तिथे नर्स आहे. सख्ख्या बहिणीच्या नोकरीसाठी हात वर केला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

चार म्हणजे तिनाहून जास्त. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. मागच्या बाकावर कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. तेवढ्यात सचिव उठले. चष्मा पुसला, घसा खाकरला.

“नामंजूर. हजर सभासदांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. हजर आठ. पाच हवी होती.”

अक्का दाराशी उभी होती, ड्युटीच्या कपड्यांतच. माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि गेली.

१५ मार्च

सचिवांकडे गेले. त्यांनी नियमांचं पुस्तक पुढे सरकवलं. “मतं टाकणाऱ्यांतून बहुमत मोजत असतो तर चार पुरले असते. आपल्याकडे हजर माणसं मोजतात. तुम्ही गप्प बसलात, ते विरोधातच पडलं.”

“मग मी करायचं तरी काय होतं?”

“उठून बाहेर जायचं. हजर सात राहिले असते. सातात चार पुरतात.”

बाहेर जायचं! मत नको, भाषण नको. नुसतं उठायचं. माझ्या खुर्चीपासून दार पाच पावलांवर.

१६ मार्च

दुकान उघडलं. तीन बायका शिवायला कपडे टाकून गेल्या. सभेचा विषय कोणीच काढला नाही. तेच जास्त लागलं.

१७ मार्च, रविवार

अक्का टेकडीवरच्या तिच्या खोलीवरून आली, नेहमीसारखी दोन तासांसाठी. मी बाबांचं अंग पुसत होते. सहा वर्षं झाली त्यांची डावी बाजू लुळी पडून. उचलायचं, कूस बदलायची, भरवायचं, चादर बदलायची, मग दुकान, मग परत तेच. माझी पाठ आता वाकलेलीच राहते.

मला वाटलं होतं, अक्का भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने बाबांचा हात धरला आणि म्हणाली, “ठमे, तोंड पाडून बसू नकोस. तू नियमाने वागलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.”

मी फडकं पिळलं आणि बाबांची पाठ पुसायला घेतली.

३१ मार्च

दवाखान्याला कुलूप. कंपाउंडर रडला म्हणे. अक्काने औषधांची यादी तपासली, सही केली, किल्ली दिली. मी गेले नाही. बाबांचं निमित्त होतंच.

९ एप्रिल

पोस्टमनच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुटल्या. शहरापर्यंत दीड तास. गाडी मिळायलाच अर्धा तास गेला. बाळ वाटेत गेलं. सून वाचली.

अक्का कोणाला काही बोलली नाही. मला फक्त एवढंच म्हणाली, “बाळ आडवं आलं होतं. तपासताना माझ्या हाताला लागलं असतं गं, आधीच शहरात धाडलं असतं.”

१० एप्रिल

पोस्टमन दुकानात आला. महिन्यापूर्वी त्याने दोन झबली शिवायला टाकली होती. एक शिवून झालं होतं, दुसऱ्याला नाड्या लावायच्या राहिल्या होत्या.

“ताई, राहू दे आता,” म्हणाला. उभाच राहिला. मग म्हणाला, “तुमचा काय दोष? तुम्ही तर विरोधात मतही दिलं नाहीत.”

मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते.

१२ एप्रिल

समितीच्या राजीनाम्याचा कागद लिहिला. फाडला. परत लिहिला. कारण काय लिहायचं ते सुचेना.

१४ एप्रिल, रविवार

अक्का सामान घेऊन कायमची घरी आली. शहरात बदली मिळत होती, नको म्हणाली. “बाबांचं आता मी बघते. तू जरा आडवी हो.”

दुपारी तीन तास झोपले. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी हाक मारली नाही.

उठल्यावर वाटलं, इथे तरी खरं लिहावं. नियमांचं ते पुस्तक मी सभेच्या आदल्या दिवशीच वाचलं होतं. दोनदा.